खोटा सांगावा

मे महिन्यात सोनाळ्याच्या बायकांना दोन वैरी, एक वावटळ आणि दुसरा कावळा. स्लॅबवर जुनं धोतर अंथरून कुरोड्या घाला, वावटळ त्यात माती कालवून जाते. माती चुकवली तर कावळा चोच मारतो. यंदा तिसऱ्याची भर पडली. तिकडं सीमेवर लढाई लागली, आणि मनकर्णाबाईच्या घरात ती टीव्हीतून दिवसभर ऐकू येत राहिली.

सीमा किती लांब, ते तिला कोणी धड सांगेना. मुलगा दीपक म्हणायचा, "लय दूर हाये माय, रेल्वेत दोन दिवस लागतात." नवरा शेषराव म्हणायचा, "इमानाले काय रेल्वेचा टाइम लागते?" एवढं बोलून तो संत्र्याच्या बगीच्यात निघून जायचा, आणि इकडं मनकर्णाबाई दिवसभर आभाळाकडं कान लावून राहायची. भांडं पडलं तरी हात छातीकडं जायचा. तिला बॉम्बची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती घरातच खाकी घालून वावरत होती. ती म्हणजे तिची सून अश्विनी.

अश्विनी होमगार्ड होती. बुलढाण्याला भरती निघाली तेव्हा दीपकनंच तिला मोटारसायकलवर बसवून नेलं. ती धावली, गोळा फेकला आणि निवडून आली. घरात कोणी नाही म्हटलं नाही, कारण होमगार्ड म्हणजे काय ते गावाला ठाऊक होतं. गणपतीच्या मिरवणुकीत दोरी धरायची, परीक्षेला शाळेच्या फाटकावर उभं राहायचं, मतदानाला म्हाताऱ्यांची रांग लावायची. आठवड्यातून एकदा कवायत. गावातले टवाळ पोट्टे तिला 'गणपती पोलीस' म्हणायचे आणि ती हसून सोडून द्यायची. त्यांच्या पथकाचे समादेशक, म्हणजे सगळ्यांत मोठे साहेब, अर्जुनराव. तेसुद्धा एरवी बियाण्याचं दुकान चालवायचे. तुरीच्या पिशवीसाठी शेषराव ज्याच्याशी तासभर घासाघीस करतो, तो माणूस आपल्या सुनेला कुठं लढाईवर धाडणार, असा मनकर्णाबाईचा अंदाज.

लढाई लागली आणि तो अंदाज चुकला. एका संध्याकाळी अश्विनीच्या मोबाइलवर हुकूम आला, की उद्या सकाळी सगळ्यांनी वर्दीवर नांदुऱ्याच्या रेल्वे स्टेशनावर हजर व्हायचं. युद्धाचा सराव होता. भोंगा वाजणार, लोकांना आडोशाला न्यायचं, खोटे जखमी उचलायचे. पुढं कुठं ड्युटी लागेल, ते तिथंच कळणार.

"पुढं म्हंजे कुठं व?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"पुलावर, डेपोवर, रेल्वे लाइनवर. कुठंबी लागंल," अश्विनी भाकर थापता थापता म्हणाली. "बॉर्डरवर नाई धाडत आत्याबाई होमगार्डले."

"रेल्वेत बसवल्यावर मानसाच्या हातात काय असते?"

अश्विनी हसली. तिचा धडा चालला होता. कवायतीत शिकवलेलं ती चुलीपाशी घोकायची. "अर्जुनराव साहेब म्हंतात, लढाईत पहिला बॉम्ब मानसाच्या तोंडातून पडते. होमगार्डनं आइकाचं, खात्री कराची, मंगच बोलाचं."

"असं असलं तं गावातल्या बायका मुक्याच होतीन," मनकर्णाबाई म्हणाली, आणि दोघी हसल्या. पण त्या रात्री तिला झोप लागली नाही.

सकाळी ऊन चढायच्या आत कुरोड्या घालायच्या, म्हणून ती गव्हाच्या चिकाचं पातेलं घेऊन स्लॅबवर गेली. साचा दाबून दाबून दंड भरून आला. खाली पूनमच्या स्कूटीचा हॉर्न वाजला. पूनमही होमगार्डच. शेजारच्या खेड्यातून यायची आणि अश्विनीला मागं बसवून न्यायची. अश्विनी वर्दी चढवून, टोपी घालून, काठी घेऊन निरोप घ्यायला वर आली. तेवढ्यात धोतराच्या पलीकडच्या टोकाला कावळा उतरला.

"हाट," म्हणून अश्विनीनं काठी उगारली. कावळा उडाला, विजेच्या तारेवर जाऊन बसला, मान वाकडी करून बघितलं, आणि काय मनात आलं त्याच्या, सरळ खाली आला आणि अश्विनीच्या डोक्यावर बसला. नखं रोवून बसला. एक चोच मारली आणि उडून गेला.

मनकर्णाबाईच्या हातातला साचा पातेल्यात पडला.

"टोपीवर बसला आत्याबाई, डोक्यावर नाई," अश्विनी टोपी सारखी करत म्हणाली. "चीक लागला असंल टोपीले."

"टोपी डोक्यावरच होती न माय."

"तुमचं आपलं काहीबी. पूनम थांबून हाये. जातो मी."

जातो म्हणाली. येतो म्हणाली नाही. घाईत माणूस म्हणतं, पण मनकर्णाबाईनं ते ऐकलं. स्कूटीचा आवाज वेशीपर्यंत गेला आणि तिथं संपला.

डोक्यावर कावळा बसला म्हणजे काय, ते या मुलखात लहान लेकरालाही सांगावं लागत नाही. आणि त्याचा उपायही. शेषराव जवान असताना त्याच्या डोक्यावर असाच वावरात कावळा बसला होता. तेव्हा मनकर्णाबाईचा दीर सायकलवर टांग टाकून शेषरावच्या मामाकडं गेला होता. शेषराव गेला, असा सांगावा दिला. मामा-मामी ऊर बडवून रडले. डोळ्यातून पाणी खाली पडलं की मरण टळतं. मग दिरानं खरं सांगितलं, शिव्या खाल्ल्या, चहा प्याला आणि दिवे लागायला परत आला. शेषराव आजही भाजीत मीठ कमी पडलं म्हणून वाद घालायला जिवंत आहे. उपायाच्या अटी दोनच. रडणारं माणूस रक्ताचं पाहिजे, आणि सांगावा खोटा आहे हे त्याला ठाऊक नको.

आज सांगावा घेऊन जाणार कोण? शेषराव बगीच्यात पाणी सोडत होता. दीपक दुसऱ्याच्या वावरात ट्रॅक्टर घेऊन गेला होता. अश्विनीचं माहेर जळगाव जामोदच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याशी. आणि तिकडं नांदुऱ्याला भोंगा कधी वाजेल, गाडीत कधी बसवतील, याचा नेम नव्हता. मनकर्णाबाई खाली आली. हाताचा चीक धुतला, टीव्ही बंद केला, दाराला कडी लावली आणि मोबाइल घेतला.

तिला बोलायचं होतं विहिणीशी. फोन उचलला व्याह्यानं, किसनरावानं. किसनराव मऊ माणूस. लेकीच्या लग्नात पाठवणीला गोठ्यात जाऊन उभा राहिला होता.

"बोला ईनबाई."

बोलायचे शब्द तिनं ओठांवर आणून ठेवले होते. पण तोंड उघडलं आणि खरोखरचं रडूच फुटलं. रात्रीपासून दाबलेलं सगळं वर आलं.

"भाऊ, अश्विनी गेली."

"कुठं गेली?"

"गेली हो भाऊ. आपली अश्विनी गेली."

किसनराव म्हणाला, "सकाळी तं बोलली ते माह्यासंगं. कुठं? कशानं?"

याची तयारी मनकर्णाबाईनं केलीच नव्हती. खोटं बोलायलाही सवय लागते. तिच्या तोंडात जे मनात होतं तेच आलं. "नांदुऱ्याले... टेसनावर..."

पलीकडं काहीतरी आपटलं. मागून विहिणीची किंकाळी ऐकू आली, मग हंबरडा. मनकर्णाबाईनं डोळे मिटून हात जोडले. पडलं पाणी, टळलं. आता पुढचं सांगायचं.

"भाऊ, आइका. तिच्या डोक्यावर कावळा बसला होता. म्या..."

फोन कधीच कटला होता. ती त्या मुक्या फोनला कावळ्याची सगळी हकीकत सांगून मोकळी झाली होती.

तिनं पुन्हा लावला. व्यस्त. थांबून लावला, व्यस्त. विहिणीकडं वेगळा फोन नव्हता. तिकडं किसनराव भावाला, मेहुण्याला, नांदुऱ्यात कोणी ओळखीचं असेल त्याला फोन लावत सुटला असणार, हे तिला कळत होतं. मग फोन लागेचना. सायकलवरचा दीर रडणं होईपर्यंत तिथंच बसून राहिला होता. फोन काही बसून राहत नाही. ही गोष्ट तिच्या आत्ता ध्यानात आली.

शेषरावला सांगावं का? नको. त्याचं तोंड म्हणजे गावचा भोंगा. करतील ते उलटा फोन, असं म्हणत ती स्लॅबवर गेली. कावळ्यानं एक अख्खी ओळ उष्टी केली होती. उरलेला चीक साच्यात भरला, पण कुरोडी गोल पडेना. फोन मांडीवर ठेवला होता. तो वाजला नाही.

मग जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. शेजारची जयमाला वर आली, एका पायात चप्पल, एक पाय उघडा.

"मनकर्णाबाई, आइकलं का? नांदुऱ्याच्या टेसनावर बॉम्ब पडला म्हंते. चार होमगार्ड पोरी गेल्या. माह्या भाच्याचा जळगाव जामोदहून फोन आला. अश्विनी कुठं हाये?"

तुम्हा-आम्हाला इथं बसून लगेच कळतं की हे पीक कोणाच्या बियाण्याचं. मनकर्णाबाईला नाही कळलं. भीतीत माणसाला आपला आवाजही ओळखू येत नाही. तिला एवढंच वाटलं, की मी तोंडातून काढलं आणि खरं झालं. ज्या तोंडानं टाळायला गेले त्याच तोंडानं लेकरू खाल्लं. तिनं अश्विनीचा नंबर लावला. बंद. पूनमचा लावला. तोही बंद. सरावात सगळ्यांचे फोन काढून ठेवतात, हे अश्विनीनं तिला दहादा सांगितलं होतं. आत्ता त्यातलं एकदाही आठवलं नाही.

ती कुरोड्यांवरच बसली आणि गळा काढला. खालच्या गल्लीतून बायका वर आल्या. कोणी पाणी दिलं, कोणी तिच्या पाठीवरून हात फिरवत आपणच रडायला लागलं. शेषराव पायाच्या चिखलासकट आला. जिन्याच्या कठड्याला धरून तो उभा राहिला. दीपक ट्रॅक्टर चालू ठेवूनच वर धावत आला. त्याच्या तोंडावर रंग नव्हता.

"माय, कोनं सांगतलं?"

"सारं गाव सांगून राह्यलं."

"टीव्हीवर तं काही नाई," शेषराव म्हणाला. वर येताना त्यानं तो लावून पाहिला होता.

"लपवतात हो," जयमाला म्हणाली. "लढाईत लपवतात."

शेजाऱ्याची पिकअप मिळाली. दीपक चालवायला बसला, शेजारी शेषराव, मागं उघड्यावर मनकर्णाबाई. तिला नको म्हणत होते. ती चाकावर पाय देऊन चढली. पत्रा तापला होता, बूड टेकवत नव्हतं, वारा तव्यावरून आल्यासारखा तोंडावर येत होता. दोन्ही हातांनी दांडी धरून ती उभी राहिली.

वाटेत, एका वळणावर, तिच्या डोक्यात एक गोष्ट आली. जयमाला म्हणाली, नांदुऱ्याच्या टेसनावर. मी पण तेच म्हणाले होते. बॉम्ब शेगावला नाही पडला, मलकापूरला नाही पडला. माझ्या तोंडात जे गाव आलं, तिथंच कसा पडला?

तिच्या छातीत एकदम हलकं झालं आणि लगेच लाजेनं जड झालं. ही आपलीच थाप फिरून आली असेल, तर अश्विनी जिवंत आहे. पण नसली तर? भोंगा वाजायचाच होता, विमान यायचं ते आलं असलं तर? पुढच्या काचेवर थाप मारून दीपकला सांगावं असं दोनदा मनात आलं. हात उचलला नाही. आपण खोटं बोललो नाही असं देवापुढं सगळेच म्हणतात. ती जन्मात पहिल्यांदा उलटं मागत होती. देवा, मी खोटी निघू दे. साऱ्या मुलखात माझी छी-थू होऊ दे, पण मी खोटी निघू दे.

जळगाव जामोदला दुकानांची शटरं पडत होती. पेट्रोल पंपावर कॅन घेऊन माणसांची झोंबाझोंबी चालली होती. एक म्हातारा लेकराला काखेत मारून डोंगराच्या वाटेनं पळत होता. हे सगळं आपलं असेल, असं मानायला तिचं मन धजेना. तिनं एकदाच फोन केला होता. एवढी माणसं एका फोनवर कशी पळतील?

पूर्णेच्या पुलाच्या अलीकडं पिकअप थांबली. पुढं जायला वाट नव्हती. ज्यांचं कोणी नांदुऱ्यात होतं ते तिकडं जायला निघाले होते, आणि नांदुऱ्यातले भिऊन इकडं सुटले होते. दोन्हीकडच्या गाड्या पुलाच्या मधोमध तोंडाला तोंड लावून उभ्या. हॉर्न, शिव्या, लेकरांची रडारड. खाली नदीत पाण्यापेक्षा दगड जास्त. आणि त्या सगळ्यातून एक शिट्टी ऐकू येत होती, न थांबता.

मनकर्णाबाईला आधी टोपी दिसली. मग टोपीखालचं तोंड दिसलं.

"दीपक," ती एवढंच म्हणाली आणि पुढच्या काचेवर थाप मारली. दीपक स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागला. शेषराव त्याच्या पाठीवर थापटत होता आणि म्हणत होता, "रडू नको बे, रडू नको," आणि स्वतः रडत होता.

अश्विनीला हे काही दिसत नव्हतं. अफवा नांदुऱ्यात पोचली तसं अर्जुनरावांनी सराव थांबवून अर्धं पथक पुलावर धाडलं होतं. ती पुलाच्या तोंडाशी हात पसरून उभी होती, ओरडून बसलेल्या आवाजात सांगत होती. "बॉम्ब नाई पडला. सराव होता. वापस फिरा."

"तुमाले तसंच सांगाले लावलं असंल," एक जण तिच्या अंगावर येत म्हणाला. "मेलेले लपवता तुमी. माहा भाऊ टेसनावर हमाल हाये."

"दादा, मी तिथूनच आली न."

"तू गणपती पोलीस. तुले कोन खरं सांगते?" त्यानं तिची काठी हिसकली. मागून रेटा आला. अश्विनी कठड्यावर आदळली आणि पुन्हा उभी राहिली.

रस्त्याच्या कडेला बाभळीखाली किसनराव आडवा पडला होता. मोटारसायकल पुलापाशी वाळूवर घसरली होती. पूनमनं त्याच्या पायाला दोन्हीकडून फळीचे तुकडे लावून रुमालांनी बांधलं होतं. नडगी मोडली होती, बोटं काळीनिळी झाली होती. विहीण पदरानं वारा घालत होती. बाप डोळ्यांसमोर पडला होता आणि अश्विनीला जागा सोडता येत नव्हती.

मनकर्णाबाई त्याच्यापाशी जाऊन बसली. किसनरावानं डोळे उघडले, तिच्याकडं बघितलं. मग दुखणं गिळत हळूच विचारलं,

"ईनबाई, कावळा बसला होता काय?"

"हाव भाऊ. तिच्या डोक्यावर."

त्यानं मान हलवली. "मंग पुढचं सांगाचं होतं न."

"तुमी फोन ठेवला."

"ठेवला नाई. हातातून पडला."

विहिणीचा पदर थांबला. मनकर्णाबाईनं वर बघितलं तर अश्विनी मागं उभी होती, बापाला पाणी द्यायला क्षणभर आलेली. तिनं सगळं ऐकलं होतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं बापाच्या तोंडाला पाणी लावलं.

तेवढ्यात अर्जुनराव मोटारसायकल पुलावरच्या गाड्यांमधून काढत आले. घामानं वर्दी अंगाला चिकटली होती. आज त्यांच्यात दुकानदार कुठं दिसत नव्हता. "हे कुठून उठलं? पहिला फोन कोनाचा, ते काढा."

अश्विनी त्यांच्यासमोर ताठ उभी राहिली. "साहेब, माह्या घरून."

"काय?"

"अफवा माह्या घरून निघाली साहेब." तिनं टोपी काढून त्यांच्यापुढं धरली.

मनकर्णाबाईच्या मनात त्या क्षणी काय आलं, ते लपवण्यात अर्थ नाही. तिला आनंद झाला. घेऊ दे टोपी. सून घरी येईल, कुरोड्या वाळवील, गणपतीत दोरी धरायला दुसरी कोणी जाईल. तिकडं पुलावर एका बाईची किंकाळी उठली. कडेवरच्या लेकरासकट ती कठड्याला दाबली गेली होती, लेकराचं तोंड नदीकडं. दोन माणसांनी ओढून घेतली. मनकर्णाबाईचा आनंद तिथल्या तिथं विरला.

"टोपी घाल," अर्जुनराव म्हणाले. "चौकशी होईल ते होईल. आधी हे लोक वापस फिरव."

अश्विनीनं टोपी घातली आणि सासूचं मनगट धरलं. असं तिनं कधी धरलं नव्हतं.

"चला आत्याबाई."

"कुठं व?"

"माहं कोनी आइकून नाई राह्यलं. तुमी सांगा."

पुलाच्या तोंडाशी मैलाचा दगड होता. अश्विनीनं तिला त्यावर चढवलं आणि जोरात शिट्टी मारली. मनकर्णाबाई जन्मात चार पुरुषांपुढं बोलली नव्हती. हळदीकुंकवातही ती मागच्या रांगेत बसायची. तिनं पदर डोक्यावर घट्ट ओढला. समोर तापलेली तोंडंच तोंडं.

"माह्या सुनेच्या डोक्यावर..." हॉर्नच्या गोंगाटात ते कोणाला ऐकू गेलं नाही. "माह्या सुनेच्या डोक्यावर कावळा बसला होता. म्या तिच्या माहेरी खोटा सांगावा धाडला. बॉम्ब नाई पडला. म्याच सांगतलं होतं, सून नांदुऱ्याले गेली म्हणून. हे पाहा माही सून. जित्ती हाये."

जवळच्या गाड्यांचे हॉर्न थांबले. एक पागोटेवाला म्हातारा नातवाच्या मोटारसायकलवरून वाकून म्हणाला,

"रडले का माहेरचे?"

"हाव. रडले."

"मंग झालं," म्हातारा म्हणाला. "फिरव रे गाडी."

कोणी हसलं. ज्यानं काठी हिसकली होती, त्यानं ती अश्विनीच्या पायाशी टाकली आणि मनकर्णाबाईकडं बघून थुंकला. "बुढी, तुह्या कावळ्यापायी लेकरं नदीत पडली असती." तिनं मान खाली घातली. खरंच बोलत होता. एका बाईनं जाता जाता अश्विनीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. "कावळा बसला होता म्हंते," हे पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाड्यांच्या आधी पोचलं. ज्यांना खाकीचं पटत नव्हतं त्यांना ते पटलं. पूल हळूहळू मोकळा होऊ लागला. मागून नवीन गाड्या येत होत्या, आणि प्रत्येक गाडीला मनकर्णाबाई पहिल्यापासून सांगत होती. घसा सुकला. डोक्यावर ऊन रटरटत होतं. शेषराव बाजूला उभा होता, पण तिच्याकडं बघत नव्हता.

किसनरावाला पिकअपमध्ये घालून दीपक दवाखान्याकडं निघाला, विहीण सोबत गेली. मग नांदुऱ्याकडून पथकाचा ट्रक आला. अर्जुनरावांनी शिट्टी मारली. वरून हुकूम होता, सगळ्यांना रेल्वे लाइनवर लावायचं. कुठल्या टप्प्यात, किती दिवस, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पूल आता दोन हवालदार सांभाळणार होते. पोरी पटापट चढल्या. अश्विनी चढायच्या आधी मागं आली.

"आत्याबाई, गाड्या अजून येऊन राह्यल्या. तुमी इथंच थांबा. सांगत राहा."

"अन् तू?"

अश्विनीनं आपली पाण्याची बाटली सासूच्या हातात दिली आणि ट्रककडं धावली. पूनमनं तिला हात देऊन वर ओढलं. ट्रक वळला. धूळ उठली, त्यात टोप्या सारख्या दिसायला लागल्या, मग त्याही दिसेनात.

थोड्या वेळानं एक ऑटो करकचून थांबला. त्यातून एक बाई उतरली, मनकर्णाबाईच्याच वयाची, पांढरी साडी, केस सुटलेले. दूरवरून रडत आली असावी, डोळे सुजले होते.

"पुलावर होमगार्डच्या पोरी हायेत म्हणे. कुठं हायेत? माही पूनम..."

ही पूनमची माय, धम्मशीला. मनकर्णाबाईनं तिला कधी पाहिलं नव्हतं, नुसतं नाव ऐकलं होतं.

"बाई, भिऊ नका. बॉम्ब नाई पडला. माह्या सुनेच्या डोक्यावर कावळा..."

"कावळ्याचं मले सांगू नका," धम्मशीला म्हणाली. "मी कावळा-बिवळा मानत नाई. पोरगी दाखवा."

"जित्ती हाये पूनम. म्या आत्ता पाह्यली. माह्या व्याह्याचा पाय बांधला तिनं. माह्या सुनेसंगंच होती."

"मंग कुठं हाये? तुमची सून कुठं हाये?"

मनकर्णाबाईनं नांदुऱ्याच्या रस्त्याकडं बघितलं. रस्ता रिकामा होता. धूळही खाली बसली होती.

"गे..." तिच्या तोंडाशी शब्द आला, आणि तिनं जीभ चावली. पदराचा बोळा तोंडात धरला. धम्मशीला तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होती, ओठ हलायची वाट बघत. मनकर्णाबाईनं पदर काढला, पुढं होऊन तिचा हात धरला.

"येऊन राह्यली," ती म्हणाली. "दोघीबी येऊन राह्यल्या."